परीक्षा आपली, शिफारसपत्र कोणाचे?

गुणवत्तेचा वाद आपल्याकडे नेहमी प्रवेशाच्या दारापाशीच थांबतो. कोणाला किती गुण मिळाले, कट-ऑफ किती लागला, जागा कोणत्या प्रवर्गातून गेली, एवढ्यावरच वर्षानुवर्षे भांडण चालते. दाराच्या आत गेल्यावर पुढे काय होते, यावर कोणी फारसे लिहीत नाही. गेली तीन वर्षे आम्ही आमच्या भागातल्या एका बौद्ध डॉक्टर मुलीच्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या प्रयत्नात कार्यकर्ते म्हणून गुंतलो आहोत. तिचे नाव इथे देत नाही, तिनेच तसे सांगितले आहे. या लेखात तिला ताई म्हणू. वयाने ती आमच्यापेक्षा लहान आहे, पण विहारातली पोरे तिला ताईच म्हणतात.

ताईचे वडील एसटीत चालक होते, आई अंगणवाडी सेविका. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. त्यानंतर एक वर्षाचा बाँड तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण केला. पैसे भरून सुटका करून घेतली नाही, तेवढे पैसेही नव्हते. त्या वर्षात तिने साप चावलेले रुग्ण वाचवले, रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात बाळंतपणे केली. मग यूएसएमएलईची स्टेप १ दिली आणि स्टेप २ सीकेला २५१ गुण मिळवले. बाहेरून पदवी घेतलेल्या डॉक्टरांची प्रमाणपत्रे तपासणारी ईसीएफएमजी ही संस्था आहे, तिची इंग्रजीची अट ओईटी परीक्षा देऊन पुरी केली. आम्हाला वाटले, झाले. आता अर्ज, मुलाखत आणि मार्चमध्ये मॅच.

पण अमेरिकेतला रेसिडेन्सी प्रोग्राम फक्त गुण पाहत नाही. तुम्ही अमेरिकेतल्या रुग्णालयात काम पाहिले आहे का, तिथल्या डॉक्टरांनी तुमच्याबद्दल काय लिहिले आहे, हे तो विचारतो. यालाच यूएस क्लिनिकल एक्सपीरियन्स म्हणतात. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार शिफारसपत्रे पाठवता येतात, बहुतेक ठिकाणी किमान तीन लागतात, आणि ती अमेरिकेतल्या डॉक्टरांची असली तर वजन वेगळेच पडते. म्हणजे भारतात शेकडो रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरला आधी परदेशात कुणाच्या तरी मागे उभे राहून दाखवावे लागते.

यातही पायऱ्या आहेत आणि त्या आपल्या मुलांना वेळेवर कळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सर्वात वरची पायरी इलेक्टिव्हची. तिथे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्ण तपासतो, केस मांडतो, टीमचा भाग असतो. पण ती फक्त पदवी हातात पडण्याआधी, विद्यार्थी असतानाच मिळते, आणि बऱ्याचदा आपल्या महाविद्यालयाची कागदपत्रे, करार, डीनची सही लागते. पदवीनंतर उरते एक्स्टर्नशिप, तीही दुर्मिळ. आणि सर्वात खाली ऑब्झर्व्हरशिप. नाव सांगते तेच काम: बघायचे. रुग्णाला हात लावायचा नाही, औषध लिहायचे नाही, बहुतेक ठिकाणी संगणकावरची रुग्णाची फाइलही उघडायची नाही. ताईने पहिल्या आठवड्यात फोनवर सांगितले, "दादा, इथे मला कशालाच शिवायचे नाही." आणि हसली. हा नियम परवाना आणि विम्याच्या कायद्यातून आलेला आहे, त्यात जात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आपल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकताना घशात काहीतरी अडकतेच.

ताईला इलेक्टिव्ह हा शब्द कळला तेव्हा तिची इंटर्नशिप संपून सहा महिने झाले होते. तिच्याच वर्गातल्या एकाला तो दुसऱ्या वर्षापासून माहीत होता. त्याचा मामा न्यू जर्सीत हृदयरोगतज्ज्ञ आहे. भाच्याने मामाकडे राहून, मामाच्या मित्राच्या रुग्णालयात दोन महिने काढले आणि तीन पत्रे घेऊन परतला. त्याचे गुण ताईपेक्षा कमी होते. तो वाईट मुलगा नाही, हुशार आहे, त्याने ताईला आपल्या नोट्सही दिल्या. पण मामा देता आला नाही.

समाजशास्त्र शिकताना बूर्द्यूचे सामाजिक भांडवल आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते, तसेच ग्रॅनोव्हेटरचा १९७३ चा ओळखीपाळखीवरचा निबंधही. दूरच्या ओळखी नोकरी मिळवून देतात, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की दूरच्या ओळखीसुद्धा आकाशातून पडत नाहीत. आयआयटीवर लिहिलेल्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या पुस्तकात अजंथा सुब्रमण्यन यांनी दाखवले आहे की पिढ्यान्‌पिढ्या साठलेला जातीचा लाभ शेवटी व्यक्तीच्या बुद्धीचे रूप घेऊन समोर येतो. डॉक्टरीत तो शिफारसपत्राच्या रूपात येतो, एवढाच फरक.

आता हा मामा न्यू जर्सीत पोहोचला कसा, तेही पाहू. १९६५ पर्यंत अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा आशियाई माणसाला जवळजवळ बंद होता. त्या वर्षी तो बदलला. तो बदल काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या वातावरणात झाला, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड आले. वृद्धांना आणि गरिबांना उपचार मिळू लागले, सरकारी पैसा हवा असेल तर रुग्णालयांना गोरे-काळे वेगवेगळे वॉर्ड बंद करावे लागले, आणि देशाला एकदम डॉक्टरांची टंचाई जाणवली. त्या उघडलेल्या दारातून भारतातले डॉक्टर आत गेले. ते कोण होते? आपल्या सरकारी महाविद्यालयांत, जनतेच्या पैशावर, जवळजवळ फुकट शिकलेले आणि बहुतांश उच्चजातीय घरांतले. आज अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी सुमारे एक चतुर्थांश बाहेरच्या देशांत शिकलेले आहेत आणि त्यांत भारताचा वाटा सर्वात मोठा आहे. दार उघडायला मार काळ्या माणसाने खाल्ला, आत जाऊन ज्यांनी घर बांधले त्यांतले कितीतरी जण आज इथल्या आरक्षणावर व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद पाठवतात. हे आम्ही कडवटपणाने म्हणत नाही. हा इतिहास आहे आणि तो ताईच्या अर्जाशी थेट जोडलेला आहे, कारण आज पत्रावर सही करणारा हात बऱ्याच वेळा त्याच पिढीचा असतो.

आपलेही लोक अमेरिकेत आहेत. पण ते बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मेरीलँडमधल्या एका आंबेडकरी कुटुंबाने ताईला एक महिना घरी ठेवून घेतले, एक डॉलर घेतला नाही. अ‍ॅकोकीक इथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी उभा राहिलेला बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा दाखवायला रविवारी गाडीने नेले. भाकरी दिली, धीर दिला. पण दादा-वहिनी दोघेही इंजिनिअर. त्यांची सही रेसिडेन्सीच्या अर्जावर चालत नाही. आपल्या समाजाचे परदेशातले जाळे एका धंद्यापुरते आहे, ही आपली खरी अडचण, आणि ती जमा केलेल्या वर्गणीने सुटत नाही.

ज्यांचा मामा नाही, त्यांच्यासाठी बाजार आहे. ताईने अमेरिकेतल्या डॉक्टरांना २६० ईमेल पाठवले. उत्तरे आली अकरा, त्यांतली नऊ नकाराची. मग तिने एका एजन्सीकडून चार आठवड्यांची ऑब्झर्व्हरशिप विकत घेतली, अठराशे डॉलरला. राहणे-खाणे वेगळे. दवाखाना भारतीय वंशाच्या एका डॉक्टरांचा होता, एका वेळी चार-पाच ऑब्झर्व्हर मागे उभे. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारले, आडनावावरून नीट कळत नाही, तुम्ही नेमके कोण? ताई म्हणाली, आम्ही बौद्ध. ते म्हणाले, "अच्छा. मग कोट्यातून?" एवढेच. त्यानंतर ना अपमान, ना रागावणे. फक्त बाकीच्यांना केसबद्दल प्रश्न विचारले जायचे आणि ताईपाशी येऊन ते पुढे सरकायचे. पत्र तिला सर्वांच्या शेवटी, सप्टेंबर संपताना मिळाले. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रामसमोर उघडतात, हे ज्याला माहीत आहे त्याला या उशिराचा अर्थ कळेल.

तो उशीर त्या एका उत्तरामुळेच झाला, हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. जातीचे परदेशातले वैशिष्ट्यच हे आहे की ती पुरावा सोडत नाही. गावात ती बोलून दाखवते, तिकडे ती फक्त गप्प होते. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा नियम केला. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने मंजूर केलेले तसे विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारले. पण हे सगळे कायदे कामगार, भाडेकरू, विद्यार्थी अशी नाती गृहीत धरतात. ऑब्झर्व्हर हा ना कर्मचारी, ना विद्यार्थी. पर्यटनाच्या किंवा कामकाजाच्या छोट्या व्हिसावर आलेला, पैसे भरलेला पाहुणा. तक्रार कोणत्या खिडकीवर करायची? आणि केली तर पत्र कोण देणार?

इथे एक गोष्ट आम्हाला आमच्याच लोकांशी बोलायची आहे. परीक्षेतली गुणवत्ता हे ढोंग आहे, असे आपण व्यासपीठावरून म्हणतो आणि त्यात तथ्यही आहे. पण २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा आकडा बंद झाला. आता निकाल फक्त पास किंवा नापास. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा, एका आकड्यावरून माणूस तोलला जाऊ नये, असा त्यामागचा हेतू होता. चांगला हेतू आहे. पण परिणाम काय झाला? ज्याच्याकडे आकड्याशिवाय काहीच नव्हते, त्याचे एक हत्यार गेले. स्टेप २ चा आकडा उरला आहे, पण वजन सरकले ते ओळखीकडे, पत्राकडे, संशोधनाच्या यादीकडे, जिथे मामा लागतो. नावे झाकून घेतलेली परीक्षा आपल्या पोरांच्या बाजूने कधी उभी राहते, हे चळवळीने नीट तपासले पाहिजे. आपल्या विद्यापीठांतल्या मुलाखतींच्या गुणांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरा महिना वेगळा गेला. अकरा उत्तरांतले एक होकाराचे उत्तर बाल्टिमोरच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंचे होते. त्या मूळच्या नायजेरियाच्या, स्वतः पंधरा वर्षांपूर्वी याच वाटेने आलेल्या. फी घेतली नाही. ताई सांगते की तिने खरे शिक्षण तिथे घेतले. रुग्णाची माहिती दोन मिनिटांत क्रमाने कशी मांडायची: तक्रार, तपासणी, माझा अंदाज, माझी योजना. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण तिथे निवासी डॉक्टरने "सर सांगतील तसे" म्हणून चालत नाही, आपले मत सांगावे लागते. नर्स डॉक्टरला भर राउंडमध्ये थांबवून चूक दाखवते आणि कोणी चिडत नाही. हृदय बंद पडले तर छाती दाबायची की शांतपणे जाऊ द्यायचे, हे रुग्णालाच विचारून आधी लिहून ठेवतात.

आणि दुभाष्या. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्या द्यावाच लागतो, बऱ्याचदा तो फोनवर किंवा स्क्रीनवर येतो. ताईने हे पाहिले आणि तिला आपली मेळघाटातली कोरकू बाई आठवली. मराठी डॉक्टरसमोर नुसती मान हलवणारी. आपल्याकडे तिच्यासाठी दुभाष्या हा शब्दसुद्धा कोणत्या शासकीय फॉर्मवर आम्ही पाहिलेला नाही. क्लिनिकल अनुभव म्हणजे मशीन बघणे नव्हे, हा आम्हाला त्या फोनवरून कळलेला अर्थ.

डॉक्टर बाईंनी लांबलचक पत्र लिहिले. त्यात काय आहे ते ताईला माहीत नाही, कारण अर्जदार पत्र वाचण्याचा हक्क सोडतो, तशी तिथली रीत. पण ज्या तीन मुलाखती आल्या, त्या तिन्हींत त्या पत्राचा उल्लेख झाला.

मार्चमधल्या त्या सोमवारी ईमेल आला. मॅच झाली नाही.

यात ताई एकटी नाही. अमेरिकेबाहेरच्या, तिथले नागरिक नसलेल्या अर्जदारांपैकी गेल्या काही वर्षांत शंभरात साठाच्या आसपास मॅच होतात, तिथेच शिकलेल्या एमडी विद्यार्थ्यांत नव्वदच्या वर. म्हणजे प्रत्येक वर्षी हजारो जण पुन्हा प्रयत्न करतात. प्रश्न एवढाच की दुसऱ्यांदा प्रयत्न करायला कोणाला परवडते. ताईचा आतापर्यंतचा खर्च साडेसहा लाख. दोन्ही परीक्षांची फी मिळून दोन हजार डॉलरच्या आसपास, व्हिसा, तिकीट, एजन्सी, आणि प्रोग्रामची संख्या वाढेल तशी वाढत जाणारी अर्जाची फी. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून बहुतेक गेले. एक लाख चाळीस हजार आमच्या वस्तीतून उभे राहिले, त्यात महिला मंडळाचे एकवीस हजार आहेत. मॅच झाली नाही हे कळल्यावर त्या बायकांपैकी एकीनेही पैशाचे नाव काढले नाही. एका आजीने विचारले, "पोरगी जेवते का नीट?"

नाव काढले ते पुरुषांनी. बैठकीत दोन आक्षेप आले आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा, की १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत व्यक्त केली, आणि आपण शिकलेल्या मुलीला समाजाच्या पैशाने समाजापासून लांब पाठवतो आहोत. आमचे म्हणणे असे. आपल्या गावांना डॉक्टर हवेत, हे खरे. पण ते ओझे एसटी चालकाच्या मुलीनेच का वाहायचे? तिने बाँड पूर्ण केला. सवर्णाचा मुलगा गेला की पेपरात फोटो येतो, आपली गेली की तिला समाजाचे देणे आठवून दिले जाते. दुसरे, इथे राहणे म्हणजे सुरक्षित राहणे असे तरी आहे का? २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. त्यानंतर ज्या आईबापांनी आपल्या मुलीला वसतिगृहात सोडताना रात्र जागून काढली, त्यांना 'इथेच राहा' हे सांगण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही. आणि जायचे तरी कुठे? जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केली तर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, नाहीतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करून ती अट माफ करून घेता येते. म्हणजे अमेरिकेतले गरीब गाव, काळी वस्ती, मूळनिवासींचा प्रदेश. ताई तिथे गेली तर ती कोणाची सेवा सोडून कोणाची करत असेल, याचा हिशेब आम्हाला इतका सोपा दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड होता. तेवढ्या पैशात वस्तीतल्या अभ्यासिकेची दोन वर्षे निघाली असती, तिथे पंचवीस मुले बसतात. एका मुलीवर किती लावायचे? याला आमच्याकडे पक्के उत्तर नाही, पण एक आठवण आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅममधल्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर. दुसरी फेरी नेहमीच महाग असते आणि तिच्यासाठी सरकारी योजना नसते.

आजही नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जणांना मिळते, केंद्राचीही योजना आहे, पण दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. साठी. डॉक्टरांची परवाना परीक्षा आणि क्लिनिकल अनुभव त्यांत बसत नाही, कारण कागदावर ते ना पदवी, ना अभ्यासक्रम. इंग्लंडची वाट तुलनेने स्वस्त, प्लॅबचा पहिला भाग भारतात देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टर. पण प्लॅब पास होऊन नोकरीची वाट पाहणारे डॉक्टर तिकडे आता पुष्कळ आहेत, त्यामुळे कोणी एजंट 'युके सोपे आहे' म्हणाला तर त्याच्या हातात ॲडव्हान्स देऊ नये.

बैठकीत शेवटी ठरले ते असे. अभ्यासिकेच्या पैशाला हात लावायचा नाही. ताईच्या दुसऱ्या फेरीसाठी वेगळी वर्गणी, ती कर्ज म्हणून, बिनव्याजी, आणि परत आलेली रक्कम पुढच्या डॉक्टरसाठी. मेरीलँडच्या दादांनी अमेरिकेत विखुरलेल्या आपल्या डॉक्टरांची यादी करायला घेतली आहे, आतापर्यंत चौदा नावे मिळाली, त्यांतले सहा जण एक-एक ऑब्झर्व्हर घ्यायला तयार आहेत. समाज कल्याण विभागाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही लिहितो आहोत.

ताई सध्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी ड्युटी करते. रविवारी दुपारी विहारात एमबीबीएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसवून इलेक्टिव्हचे फॉर्म कसे भरायचे ते सांगते. गेल्या वेळी सात जण आले होते. त्यांत एका मुलाचे वडील हमाल आहेत. त्याने विचारले, पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात. येताना आधार आणि दहावीची सनद आणा, फॉर्म इथेच भरू.